भूमीची शीतलता आणि तिचे माप

कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही बेळगाव शहराला लागून असलेली गावे. येथील शेतकऱ्याला एक गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते. पौषातील पहाटे विहिरीचे पाणी उपसले की ते कोमट लागते आणि वैशाखातील भर दुपारी तेच पाणी थंडगार लागते. वस्तुतः पाणी फारसे बदललेले नसते. बदललेली असते ती बाहेरची हवा. हवेचे तापमान ऋतूप्रमाणे वर-खाली होत राहते, परंतु भूमीच्या पोटातील तापमान जवळजवळ स्थिर राहते. या स्थिरतेचा उपयोग आपल्या पूर्वजांनी धान्याची पेवे आणि तळघरे बांधताना करून घेतला होता. सांगलीजवळील हरिपूर येथील हळद साठविण्याची पेवे प्रसिद्धच आहेत.

आधुनिक काळात याच तत्त्वावर ‘भूमी-आधारित उष्णता पंप’ हे यंत्र उभे राहिले आहे. खोली, शीतगृह किंवा दुधाची टाकी यांतील उष्णता काढून ती जमिनीत सोडणे, किंवा थंड प्रदेशात जमिनीतील उष्णता काढून घर उबदार करणे, हे त्याचे कार्य. या योजनेतील सर्वांत खर्चाचा भाग जमिनीखाली असतो आणि एकदा गाडला की तो पुन्हा दिसत नाही. त्याची लांबी चुकली तर ती चूक उद्घाटनाच्या दिवशी लक्षात येत नाही. पुढे काही वर्षांनी विजेच्या बिलात ती दिसू लागते. म्हणून ही लांबी कशी ठरवावी, याचा विचार खुदाईपूर्वीच होणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात कंग्राळीसारख्या गावातील एक दूध संकलन केंद्र उदाहरणादाखल कल्पून त्या आधारे हा विषय मांडला आहे.

जमिनीखालील तापमान

सूर्याची उष्णता जमिनीत हळूहळू झिरपते. उन्हाळ्याची लाट खाली पोहोचेपर्यंत क्षीण होते आणि तिला उशीरही लागतो. सर्वसाधारण खडकाळ जमिनीत दोन मीटर खोलीवर ऋतुमानाचा चढ-उतार पृष्ठभागाच्या मानाने निम्म्यावर येतो. तीन मीटरवर तो एकतृतीयांश राहतो आणि सुमारे दोन महिने उशिरा पोहोचतो. दहा मीटर खोलीवर तो शेकडा दोनच्या आसपास, म्हणजे व्यवहारात नाहीसा झालेला असतो. त्याखाली जे तापमान आढळते ते त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास, बहुधा एक-दोन अंशांनी अधिक असते. आणखी खोल गेल्यास पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णतेमुळे दर शंभर मीटरला साधारणतः अडीच ते तीन अंशांची वाढ होते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. येथील हवेचे वार्षिक सरासरी तापमान २४ अंश सेल्सिअसच्या आसपास येते. त्यावरून विंधन छिद्राच्या खोलीवरील भूमीचे तापमान २६ अंश धरणे व्यवहार्य ठरते. हा आकडा या लेखातील सर्व गणिताचा पाया आहे. जर्मनी किंवा स्वीडन यांसारख्या देशांत हाच आकडा दहा अंशांच्या जवळपास किंवा त्याहूनही कमी असतो. या एका फरकामुळे तेथील कोष्टके येथे जशीच्या तशी वापरता येत नाहीत.

उष्णता पंपाचे कार्य

पाणी स्वभावतः उताराकडे वाहते. ते वर चढवायचे असेल तर पंप लागतो. त्याचप्रमाणे उष्णता स्वभावतः गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. तिला उलट दिशेने न्यायचे असेल तर यंत्र व वीज लागते. घरातील फ्रीज हा एक उष्णता पंपच होय. तो आतील उष्णता काढून मागील जाळीवाटे खोलीत सोडतो. ही उष्णता हवेत न सोडता जमिनीत सोडली की तो भूमी-आधारित पंप झाला.

हा विचार नवा नाही. उष्णता यंत्राच्या साहाय्याने खालून वर नेता येईल, ही कल्पना स्कॉटलंडात विल्यम थॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ मध्ये मांडली. जमिनीतील उष्णतेचा यासाठी उपयोग करण्याचे एकस्व स्वित्झर्लंडमध्ये हाइनरिख झोएली यांनी १९१२ मध्ये घेतले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर स्वीडनसारख्या थंड देशांत या पंपांचा प्रसार वाढला. तेथे मुख्य गरज घर तापविण्याची. आपल्याकडे गरज थंड करण्याची. यंत्र तेच असले तरी जमिनीवर पडणारा भार अगदी विरुद्ध प्रकारचा आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

जमिनीत गाडलेल्या ज्या नळ्यांतून पाणी फिरते व उष्णतेची देवघेव होते, त्या रचनेस भूगर्भीय उष्णता विनिमयक म्हणतात. तो दोन प्रकारे बसविता येतो. पहिला प्रकार आडवा : दीड-दोन मीटर खोल चर खणून त्यात नळ्या अंथरावयाच्या. यास खर्च कमी, परंतु जागा फार लागते. शिवाय त्या खोलीवर उन्हाळ्याची निम्मी लाट पोहोचत असल्याने ऐन गरजेच्या वेळी जमीन तापलेली असते. रताळी, बटाटे व भाजीपाला पिकविणाऱ्या या पट्ट्यात अशा कामासाठी शेतजमीन अडविणे परवडणारेही नाही. दुसरा प्रकार उभा : विंधन विहिरीसारखे छिद्र पाडून त्यात इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची प्लॅस्टिकची नळी तळापर्यंत सोडावयाची व भोवतीची पोकळी योग्य मिश्रणाने भरून काढावयाची. जागा थोडी लागते व स्थिर तापमान मिळते. पुढील विवेचन या उभ्या प्रकाराचे आहे.

ठोकताळ्याचा धोका

अशा योजनांत बहुधा विचारले जाते, “किती टनांचे यंत्र? मग इतके फूट बोअर.” हा ठोकताळा मुळात परदेशी अनुभवावरून आलेला आहे. जर्मन अभियंता संघाच्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेत बेसाल्ट खडकासाठी दर मीटर लांबीस सुमारे ४० ते ६५ वॉट असे आकडे दिले जात असत. ते तेथील लहान घरे तापविण्यासाठी, वर्षाकाठी अठराशे तास चालणाऱ्या यंत्रांसाठी होते. थंड जमिनीतून उष्णता काढणे आणि २६ अंशांच्या जमिनीत उष्णता सोडणे यांची गल्लत करणे म्हणजे कोकणातील भातबियाण्याचे प्रमाण विजापूरच्या ज्वारीस लावण्यासारखे आहे.

बेळगावच्या परिसरातील मूळ खडक बहुतांशी दक्षिणेचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट होय; पश्चिमेकडे त्यावर जांभ्याचा थर आढळतो. घट्ट बेसाल्टची उष्णता संवाहकता साधारणतः १.७ धरली जाते. ग्रॅनाइटच्या मानाने ती बरीच कमी आहे. सच्छिद्र व कोरडा खडक त्याहूनही मंद. तोच पाण्याने भरलेला असेल तर अधिक चांगला. म्हणून जलपातळीच्या वरचा कोरडा भाग लांबीत पूर्णपणे धरू नये.

उदाहरण : हजार लिटरचे दूध केंद्र

समजा, गावातील केंद्रात रोज १,००० लिटर दूध जमा होते. निम्मे सकाळी व निम्मे सायंकाळी. दूध ३५ अंशांवर येते आणि जंतूंची वाढ रोखण्यासाठी ते ४ अंशांपर्यंत उतरवावयाचे आहे. प्रत्येक वेळेस हे काम तीन तासांत पुरे व्हावे अशी अपेक्षा आहे.

पायरी पहिली : दुधातून काढावयाची उष्णता. हजार लिटर दुधाचे वजन सुमारे १,०३० किलो. ते ३१ अंशांनी थंड करण्यासाठी रोज सुमारे ३५ युनिट उष्णता काढावी लागते. विजेचे युनिट जे, तेच येथे उष्णतेचे माप म्हणून वापरले आहे.

पायरी दुसरी : जमिनीत जाणारी उष्णता. चांगले यंत्र दुधातील तीन युनिट उष्णता काढण्यासाठी साधारणतः एक युनिट वीज घेते. ती वीजही शेवटी उष्णताच होते. म्हणजे दुधातून तीन, विजेतून एक आणि जमिनीत चार, असा हिशेब होतो. येथेच अनेकांची पहिली चूक होते. विजेचा वाटा धरावयाचा राहून जातो. या हिशेबाने जमिनीत रोज सुमारे ४६.५ युनिट, म्हणजे वर्षाला जवळजवळ १७,००० युनिट उष्णता जाईल. यंत्र रोज सहा तास चालते. त्या काळात जमिनीवर ७,७५० वॉटचा भार पडतो. चोवीस तासांवर तो पसरला तर सरासरी १,९४० वॉट येते.

पायरी तिसरी : उपलब्ध तापमानफरक. नळीतील पाणी ४० अंशांवर छिद्रात जावे व ३६ अंशांवर परत यावे, असे ठरविले तर सरासरी ३८ अंश येते. भूमी २६ अंशांवर. फरक १२ अंशांचा. शेजारच्या छिद्रांची उष्णता एकमेकांना बाधते, त्यासाठी एक अंश वजा केला. शिल्लक राहिले ११ अंश. हेच आपले भांडवल.

पायरी चौथी : भूमीचा रोध. उष्णता जमिनीत पसरण्यास अडथळा असतो, त्यास रोध म्हणतात. एक मीटर लांबीतून एक वॉट उष्णता घालविण्यास किती अंशांचा फरक लागतो, हे त्याचे माप. हा रोध काळानुसार वाढत जातो, कारण छिद्राभोवतीचा खडक तापत जातो. म्हणून हिशेब चार भागांत करतात. छिद्राचा व्यास १५ सेंटिमीटर व काळ दहा वर्षांचा धरून पुढील आकडे मिळतात :

१. अनेक वर्षांचा संचय : १,९४० वॉट × ०.२२५ = सुमारे ४३७
२. एका महिन्याचा संचय : १,९४० वॉट × ०.२२६ = सुमारे ४३८
३. त्या तीन तासांचा ताण : ७,७५० वॉट × ०.०८५ = सुमारे ६५९
४. नळी व भरावाचा रोध : ७,७५० वॉट × ०.१२ = ९३०

एकूण बेरीज २,४६४. याचा अर्थ असा की, एकच अंश फरक उपलब्ध असता तर २,४६४ मीटर छिद्र लागले असते. आपल्याकडे ११ अंश आहेत. म्हणून २,४६४ भागिले ११, म्हणजे २२४ मीटर. फुटांत सांगावयाचे तर सुमारे ७३५ फूट. प्रत्येकी ३७० फुटांची दोन छिद्रे, एकमेकांपासून सहा मीटर अंतरावर. दर मीटरला भार पडतो जेमतेम ३५ वॉट.

आता हेच काम परदेशी कोष्टकातील ५५ वॉट प्रतिमीटर घेऊन केले असते तर १४१ मीटर छिद्र पुरेसे वाटले असते. खर्च तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाचल्याचे समाधानही मिळाले असते. परंतु परिणाम काय झाला असता ते पाहू. पहिल्या महिन्याच्या अखेरीस नळीतील पाण्याचे सरासरी तापमान ४० अंशांच्या आसपास, पहिल्या वर्षाच्या अखेरीस ४२ आणि दहा वर्षांनी ४४ अंशांच्या वर. पाणी जितके गरम परत येईल तितका कॉम्प्रेसरवर ताण अधिक, वीज अधिक, आणि त्या विजेचीही उष्णता पुन्हा जमिनीतच. असे हे दुष्टचक्र सुरू होते. पहिल्या उन्हाळ्यात यंत्र ठीक चालते, म्हणून कोणाला शंका येत नाही. पुढे दूध थंड होण्यास वेळ लागू लागतो, ते नासण्याचा धोका वाढतो आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो.

जमीन ही एकमार्गी पेढी नव्हे

वरील चार भागांपैकी पहिला भाग विशेष विचार करण्याजोगा आहे. थंड देशांत हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढली जाते व उन्हाळ्यात काही अंशी परत भरली जाते. पेढीत ठेव ठेवावी व गरजेनुसार काढावी, तसा हा व्यवहार चालतो. आपल्या भागात घर तापविण्याची गरज नाही. वर्षाचे बाराही महिने जमिनीत फक्त ठेवच पडत राहते. उचल कधी होत नाही. छिद्राभोवतीचा खडक हळूहळू तापत जातो. छिद्रे जवळजवळ असतील तर हा परिणाम आणखी वाढतो. भूजलाचा प्रवाह काही उष्णता वाहून नेतो हे खरे, पण तो मोजल्याशिवाय त्याचा भरवसा धरू नये.

यावरून या विषयातील मुख्य सूत्र निघते : लांबी वाढविण्याआधी भार कमी करावा. जे छिद्र पाडावेच लागले नाही, तेच सर्वांत स्वस्त. आपल्या दूध केंद्रात हे दोन मार्गांनी साधते.

पहिला मार्ग विहिरीच्या पाण्याचा. दूध टाकीत जाण्यापूर्वी पत्र्यांच्या विनिमयकातून न्यावे. पत्र्याच्या एका बाजूने दूध व दुसऱ्या बाजूने विहिरीचे पाणी. २६ अंशांचे पाणी दुधाच्या दुप्पट प्रमाणात फिरविले तर ३५ अंशांचे दूध २९ अंशांपर्यंत फुकटात उतरते. पाणी वाया जात नाही. ते अडीच-तीन अंशांनी कोमट होऊन जनावरांना पिण्यास व गोठा धुण्यास वापरता येते. एवढ्याने जमिनीत जाणारी उष्णता रोज ४६.५ वरून ३७.५ युनिटांवर येते व छिद्राची लांबी २२४ वरून १८१ मीटरवर उतरते.

दुसरा मार्ग गरम पाण्याचा. केंद्रात कॅन, किटल्या व टाकी धुण्यासाठी रोज गरम पाणी लागतेच. कॉम्प्रेसरमधून निघणारा वायू बराच तापलेला असतो. तो जमिनीकडे पाठविण्यापूर्वी पाण्याच्या टाकीतून नेला तर रोज ३०० लिटर पाणी २६ वरून ५० अंशांपर्यंत तापविता येते. यात ८.४ युनिट उष्णता कामी येते. धुण्यासाठी अधिक गरम पाणी हवे असल्यास उरलेली थोडी उष्णताच सरपणाने किंवा विजेने द्यावी लागते. आता जमिनीच्या वाट्याला रोज सुमारे २९ युनिट येतात आणि छिद्राची लांबी १४० मीटर होते.

अशा रीतीने २२४ मीटरचे काम १४० मीटरवर आले. ठोकताळ्यानेही जवळजवळ हाच आकडा दिला होता. परंतु त्या आकड्याने केंद्र बुडाले असते आणि या आकड्याने ते तरते. आकडा एकच, पण त्यामागील हिशेब निराळा. हा फरक ग्रामपंचायतीचे पदाधिकारी, संस्थेचे संचालक व तपासणी अधिकारी यांनी नीट समजून घ्यावा. कंत्राटदाराने दिलेल्या अंदाजपत्रकात केवळ फूट व दर असून भागत नाही. वार्षिक उष्णतेचा ताळेबंद त्यात असला पाहिजे.

खडकाची परीक्षा

वरील गणितात भूमीचे तापमान व खडकाची संवाहकता हे दोन आकडे गृहीत धरले आहेत. लहान कामात थोडी सुरक्षित बाजू धरून एवढे चालते. मोठ्या कामात, उदाहरणार्थ भाजीपाल्याचे शीतगृह किंवा रुग्णालय, यांत मात्र प्रत्यक्ष चाचणी करणे इष्ट असते. स्वीडनमध्ये १९८३ मध्ये मोगेनसेन यांनी सुचविलेली व पुढे १९९० नंतरच्या दशकात फिरत्या साधनांच्या रूपाने रूढ झालेली ही चाचणी समजण्यास सोपी आहे.

एक छिद्र पाडून त्यात नळी बसवावी. प्रथम न तापविता पाणी फिरवावे. त्यावरून भूमीचे मूळ तापमान कळते. मग ठरावीक शक्तीच्या विद्युत तापकाने पाणी तापवीत दोन दिवस किंवा अधिक काळ अखंड फिरवावे व तापमानाची नोंद ठेवावी. समजा छिद्र १०० मीटर खोल आहे व तापक ५ किलोवॉटचा, म्हणजे दर मीटरला ५० वॉट. दहाव्या तासापासून पन्नासाव्या तासापर्यंत पाण्याचे तापमान ३.८ अंशांनी वाढले तर खडकाची संवाहकता १.७ आहे असे गणिताने निघते. वाढ याहून कमी असेल तर खडक चांगला. अधिक असेल तर छिद्र वाढविणे भाग आहे. चाचणीच्या काळात वीज खंडित झाल्यास निकाल बिघडतो. म्हणून जनित्राची सोय असावी. चाचणीचे छिद्र पुढे कामातच वापरता येते, त्यामुळे तो खर्च वाया जात नाही.

भूमी की हवा?

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. उष्णता हवेत सोडणारी साधी यंत्रे सर्वत्र मिळतात. मग जमीन खोदावयाचीच कशासाठी? याचे उत्तर यंत्र दिवसाच्या कोणत्या वेळी चालते यावर अवलंबून आहे. दूध सकाळी व सायंकाळी येते. बेळगावची सकाळ वर्षातील बहुतेक काळ २६ अंशांहून थंड असते. हिवाळ्यात तर हवा १४ अंशांपर्यंत उतरते. अशा वेळी भूमीपेक्षा हवाच अधिक चांगली. त्यामुळे कंग्राळीतील दूध केंद्राने प्रथम विहिरीच्या पाण्याचा विनिमयक व गरम पाण्याची टाकी हे दोन उपाय करावेत. उरलेला भार सावलीत ठेवलेल्या हवेच्या यंत्राने भागत असेल तर छिद्राचा खर्च टाळणे हेच शहाणपणाचे ठरेल.

ज्या ठिकाणी यंत्र भर दुपारी, ३६ अंशांच्या हवेत, तासन्‌तास चालते, तेथे मात्र २६ अंशांच्या भूमीला खरे मोल येते. भाजीपाल्याची शीतगृहे, औषधांची कोठारे, दिवसभर चालणारी कार्यालये ही त्याची उदाहरणे होत. उत्तर कर्नाटक, मराठवाडा व विदर्भ येथील कडक उन्हाळ्यात हा फरक आणखी वाढतो. परंतु तेथे भूमीचे तापमानही अधिक असते, हेही विसरता कामा नये.

केवळ हवा थंड करावयाची असेल तर उष्णता पंपाशिवायही भूमीचा उपयोग होतो. गुजरातेत अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील गिरजा शरण व रतन जाधव यांनी केलेल्या प्रयोगात १० सेंटिमीटर व्यासाची ५० मीटर लांब लोखंडी नळी तीन मीटर खोल गाडली होती. तिच्यातून पंख्याने हवा खेळविली असता मे महिन्याच्या दुपारी सुमारे ४१ अंशांची हवा २७ अंशांवर आली, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात नमूद आहे. त्या खोलीवरील मातीचे तापमान मे महिन्यात २६.६ अंश होते. रोपवाटिका, हरितगृह किंवा जनावरांचे निवारे यांसाठी हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. पावसाळ्यात नळीत पाणी साचू नये म्हणून तिला उतार व निचरा देणे आवश्यक असते.

पाणी आणि सुरक्षितता

छिद्र उष्णतेसाठी असले तरी ते भूजलाच्या थरांतून जाते. वरच्या थरातील दूषित पाणी त्यावाटे खाली उतरले तर आसपासच्या पिण्याच्या विहिरी बिघडतात. म्हणून नळी सोडल्यावर भोवतीची पोकळी बेंटोनाइट माती व वाळूच्या मिश्रणाने तळापासून वरपर्यंत भरून काढलीच पाहिजे. हे काम वरून मिश्रण ओतून होत नाही. तळापर्यंत सोडलेल्या नळीतून ते खालून वर चढवावे लागते. भरावात पोकळी राहिल्यास तेथे हवा अडकते. हवा उष्णतेची फार वाईट वाहक असल्याने त्या भागाचा उपयोग जवळजवळ शून्य होतो.

पाणी न लागलेल्या कोरड्या विंधन विहिरींचा या कामी उपयोग करता येईल का, असा प्रश्न शेतकरी विचारतात. विहीर सरळ असेल, ढासळलेली नसेल व भराव नीट करता येत असेल तर तिचा उपयोग होऊ शकतो. मात्र कोरड्या खडकासाठी लांबी अधिक धरावी लागेल. उपयोग करावयाचा नसेल तर अशी विहीर बुजवून टाकणे हे कर्तव्यच होय. उघड्या विंधन विहिरींत बालके पडण्याच्या दुर्घटनांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. कर्नाटकात २०११ चा भूजल अधिनियमही आहे. नवे छिद्र पाडण्यापूर्वी संबंधित कार्यालयाकडे चौकशी करून आवश्यक ती परवानगी घ्यावी.

थंड देशांत नळीतील पाणी गोठू नये म्हणून त्यात रसायन मिसळतात. आपल्याकडे उष्णता जमिनीत सोडावयाची असल्याने त्याची गरज नाही. साधे स्वच्छ पाणी पुरते. त्यामुळे नळी फुटली तरी भूजलास अपाय होत नाही. नळी घनतेने जाड अशा पॉलिथिनची, वितळवून जोडलेली व छिद्रात सोडण्यापूर्वी आणि नंतर दाब देऊन तपासलेली असावी. जमिनीखाली एकदा गेलेला सांधा दुरुस्त करता येत नाही.

शाळांना करता येण्याजोगे काम

या साऱ्या गणिताचा पाया म्हणजे भूमीचे तापमान. ते मोजण्यास मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. गावातील शाळेने दर पंधरा दिवसांनी ठरावीक वेळी, ठरावीक हातपंपाचे किंवा विंधन विहिरीचे पाणी दहा मिनिटे उपसून त्याचे तापमान घ्यावे. त्याच वेळी सावलीतील हवेचे तापमानही लिहावे. उघड्या विहिरीच्या पृष्ठभागावरील पाणी उन्हाने तापलेले असते, म्हणून ते घेऊ नये. वर्षअखेरीस दोन्ही आकड्यांच्या रेषा एकाच कागदावर काढाव्यात. हवेची रेषा डोंगर-दऱ्यांसारखी वर-खाली जाईल व पाण्याची रेषा जवळजवळ सपाट राहील. विद्यार्थ्यांना भूगोल, भौतिकशास्त्र व गणित यांचा मेळ या एका कागदावर दिसेल. अशी दोन-तीन वर्षांची नोंद गावात असेल तर पुढे शीतगृह किंवा दूध केंद्र उभारणाऱ्या अभियंत्याला परदेशी कोष्टक उघडावे लागणार नाही.

सारांश असा की, प्रथम उपयोगाची वेळ पाहावी, मग उष्णतेचा वार्षिक ताळेबंद मांडावा, त्यानंतर भार कमी करण्याचे उपाय करावेत, भूमीची परीक्षा घ्यावी आणि सर्वांत शेवटी छिद्राची लांबी ठरवावी. हा क्रम उलटा केला तर पैसा जमिनीत जातो आणि तेथेच राहतो. पेव खणणारा जुना शेतकरीही आधी जागा पारखून घेत असे आणि मगच कुदळ उचलत असे.